लिंडेमान संग्रह, पेटी एकशे बारा

आधी पिना काढायच्या.
गंजलेल्या पिनेची तांबडी सावली
कागदावर राहतेच. त्याला माझा इलाज नाही.
मग पेन्सिलीने नंबर. शाईला इथे बंदी आहे,
जी काही शाई सांडायची
ती आधीच सांडून झालेली आहे.

ऑगस्ट लिंडेमानने काहीच फेकलं नाही.
मिसिसिपीच्या तळातून शिंपला उपसून
निम्म्या अमेरिकेच्या सदऱ्यांना बटणं पुरवणारा माणूस
सुतळीचा तुकडाही गुंडाळून ठेवायचा.
दंतवैद्याची बिलं. तीन घोड्यांच्या वंशावळी.
न्यूयॉर्कच्या शिंप्याला खरमरीत पत्र:
कोटाचं तिसरं बटण सैल आहे,
बटण आमचं आहे, दोरा तुमचा.

बायकोची पत्रं एका फोल्डरमध्ये मावली.
नऊ. सगळी हवापाण्याची.
दहावं पाकीट घरच्यांनी सील केलंय
दोन हजार चाळीसपर्यंत.
मी ते उजेडाकडे धरलं नाही.
एकदाच धरलं.

मुलगा ओटो, कनेटिकटच्या बोर्डिंगात, वय अकरा.
त्याला बापाचं पत्र, नोव्हेंबरातलं:
‘गणितात पुन्हा नापास. लाज वाटली.
डझन म्हणजे बारा. बारा डझन म्हणजे एकशे चव्वेचाळीस.
यात वाद नाही आणि दयामाया नाही.’
त्याच आठवड्यात, त्याच जांभळ्या शाईत,
फोरमनला चिठ्ठी:
‘शिंपला कापणाऱ्यांचा ग्रोस यापुढे
एकशे चौऱ्याहत्तरचा धरावा.’

दोन्ही नकला एकाच वहीत, पाठीला पाठ लावून.
पातळ कागद. एकीतून दुसरी दिसते, उलटी.

गुरुवारी विल्मा टीग आल्या. वय एक्क्याऐंशी,
नदीकाठच्या खालच्या गावाहून, बस बदलून.
कोटाची बटणं प्लास्टिकची होती, मी पाहिलं.
आजीचं नाव शोधायचंय म्हणाल्या,
लुडमिला ह्रुश्का, बोहेमियाहून आलेली,
बटणांना भोकं पाडायच्या मशीनवर होती.
मी पगारवही काढून दिली. ती फोमच्या उशीवर ठेवतात,
आजाऱ्याला टेकवून बसवावं तशी.

नाव सापडायला दुपार गेली,
कारकुनाने ते चार तऱ्हांनी लिहिलं होतं.
लिडमिला. लुडी. मिला एच.
शेवटी नुसतंच: एक्केचाळीस नंबर.
आठवड्याचे तीन डॉलर चाळीस.
त्यातून वजा: तुटलेली सुई.
वजा: पाच सेंट, बोलल्याबद्दल.
वजा: पाच सेंट, बोलल्याबद्दल.
एकट्या मार्चमध्ये अकरा वेळा.

विल्माबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
‘आम्ही तिला कधी बोलताना ऐकलं नाही,’ म्हणाल्या.
‘खिडकीशी बसायची. हाक मारली की मान हलवायची.
आम्हाला वाटायचं, इंग्रजी येत नसेल.’
मग बोट ठेवून त्यांनी पुन्हा मोजलं. अकरा.
‘कुणाशी बोलत होती?’

वहीत ते नाही.
दंडाची रक्कम आहे, दंड घेणाऱ्याची सही आहे,
बाकी ओळ कोरी.

जाताना त्या गिरणीच्या आवाराकडून गेल्या म्हणे.
तिथे अजून शिंपल्यांचे ढीग पडलेत,
गोल भोकांचे, पावसाने पांढरे झालेले;
कुणी नदीला काजं करून ठेवावीत
आणि बटणं लावायची राहून जावीत, तसे.

संग्रहाच्या सूचीत विषय मोजके आहेत:
उद्योग. कुटुंब. देणग्या. घोडे.
पाच वाजता दिवे घालवायच्या आधी
मी शेवटी एक ओळ घातली,
पेन्सिलीने, नियमात बसेल अशी:

ह्रुश्का, लुडमिला.
बोलणे.
पेटी एकशे बारा, पान साठपासून पुढे.